हिरवा आकडा

सकाळी पावणेसात वाजता काँक्रीटच्या प्लँटमध्ये बारावा ट्रक शिरला आणि त्याला अडवायला फाटकावर कोणीही नव्हतं.

समोरच्या सलूनचं शटर अर्धं वर करून सलूनवाला उभा होता. त्याने ट्रक पाहिला, ट्रकमागे उठलेला करडा लोट पाहिला, तो लोट रस्ता ओलांडून आपल्याच पायरीवर उतरताना पाहिला आणि मग खिशातून फोन काढून अ‍ॅप उघडलं. आकडा अडतीस होता. हिरवा. अडतीस म्हणजे हवा उत्तम. त्याने समाधानाने मान हलवली, दोनदा शिंकला आणि पायरी झाडायला घेतली.

गल्लीत त्याला सलूनवाला कोणी म्हणत नसे. तो चळवळीचा सेक्रेटरी होता, म्हणून सगळे सेक्रेटरीच म्हणत, आणि त्या हाकेला तो लगेच वळे. मग हातातला वस्तरा कोणाच्या गळ्यावर का असेना.

चळवळ सुरू केली ती मात्र त्याने नव्हे, त्याच्या बायकोने. दीड वर्षापूर्वी एके सकाळी खोकून खोकून बेजार झाल्यावर तिने स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, प्लँटच्या फाटकात मधोमध ठेवलं आणि त्यावर बसून भाजी निवडायला घेतली. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

"वाजव, वाजव," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला. उठता तेवढं येत नाही."

दुसऱ्या दिवशी शेजारणीची खुर्ची आली. महिनाभरात गल्लीतली एकूण एक खुर्ची फाटकावर होती, सलूनमधली बाकडीसुद्धा. लोक चहा तिथेच पीत, पेपर तिथेच वाचत, भांडणंही तिथेच उरकत. प्लँट सहाऐवजी दहाला सुरू होऊ लागला. कधी कधी दिवसभर बंद राही. खडीच्या ढिगावर ताडपत्री आली. कोणी भाषण केलं नव्हतं, कोणाला करताही येत नव्हतं. खुर्च्या मात्र हलत नव्हत्या.

हललं ते बायकोचं फुप्फुस. फाटकावर बसून बसून तिच्या छातीत एवढी धूळ गेली की डॉक्टरांनी सरळ सांगितलं, इथून हलवा. ती पाच तासांवरच्या गावी भावाकडे गेली. जाताना सेक्रेटरीला दम देऊन गेली, "हवा सुधारली की कळवा, मी त्याच दिवशी येते. पण मला बरं वाटावं म्हणून उगाच गोड बोललात तर बघा." त्याला स्वयंपाकात चहापलीकडे काही करता येत नव्हतं. सलूनमागच्या दोन खोल्यांत तो एकटा राही आणि रोज तोच विचार करी, ही परत कधी येणार.

ती गेल्यावर ग्राफभाऊ आला.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका संस्थेत तो काम करी. संस्था नेमकं काय करते हे गल्लीत कोणाला कळलं नाही; ऑफिसात गारवा असतो आणि काचा कायम बंद असतात, एवढं जाऊन आलेल्यांनी सांगितलं. तिशीचा, नम्र, पाठीवर सॅक. बोलता बोलता हाताने हवेत चढत्या उतरत्या रेघा काढायची त्याला सवय होती, त्यावरून पेन्शनरांनी त्याला हे नाव ठेवलं. पेन्शनर म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. दाढी आठवड्यातून दोनदा करीत, सलूनमध्ये रोज बसत.

"काका, खुर्च्या टाकून बसणं ठीक आहे," ग्राफभाऊ पहिल्याच बैठकीत म्हणाला, "पण त्यातून नुसत्या भावना दिसतात. प्रशासनाला भावना कळत नाहीत. त्यांना डेटा लागतो."

"खुर्च्या कळतात की त्यांना," पेन्शनर म्हणाले. "कालच दोन तास बंद होता प्लँट."

"हो, पण ते स्केल होत नाही."

स्केल होत नाही म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. ज्यांना विचारावंसं वाटलं त्यांना अडाणी दिसायचं नव्हतं. ठराव झाला आणि यंत्र आलं.

यंत्र म्हणजे साबणाच्या डबीएवढी पांढरी डबी. खालून भोकं, आत बारीकसा पंखा. हवा आत ओढायची, तिच्यातली धूळ मोजायची आणि आकडा सगळ्यांच्या फोनवर पाठवायचा, एवढंच तिचं काम. ती कुठे लावायची यावर मात्र दोन बैठका झाल्या. शेवटी सेक्रेटरीने, सलून हेच चळवळीचं केंद्र आहे, असं स्वतःच सुचवून स्वतःच अनुमोदन दिलं. डबी सलूनच्या पाटीवर बसली. शेजारी त्याने स्वखर्चाने फलक रंगवून घेतला : 'येथे हवा मोजली जाते.'

पहिले आकडे दोनशे ऐंशी, तीनशे दहा असे आले. लाल. गल्लीला एवढा आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. आपली हवा वाईट आहे हे सगळ्यांना माहीत होतंच, पण ती तीनशे दहा आहे हे कळल्यावर छाती फुगली. वरच्या आळीचा आकडा एकशे नव्वदच आहे म्हटल्यावर तर लोक तिकडच्यांकडे कीव केल्यासारखे बघू लागले. आकड्याचे फोटो फिरले. चळवळीच्या ग्रुपमध्ये चार हजार माणसं जमा झाली. त्यातल्या निम्म्यांनी हे शहर पाहिलेलंही नव्हतं, पण राग त्यांचाच सगळ्यात कडक होता.

फाटकावरच्या खुर्च्या तेव्हापासून कमी होऊ लागल्या. पूर्वी सकाळी उठून माणूस फाटकावर जाई, कारण गेल्याशिवाय काय चाललंय ते कळत नसे. आता अंथरुणात पडल्या पडल्या कळू लागलं. जो तो डोळे चोळत आकडा बघी, लाल असला की रागाने लाल झालेल्या चेहऱ्याचं चित्र दाबी आणि कूस बदलून झोपे. काहीतरी केल्याचं समाधान मिळे आणि झोपही छान लागे. एकदा सेक्रेटरीने ग्रुपवर विचारलं, "आज फाटकावर कोण कोण आहे?" चाळीस जणांनी वळलेल्या मुठी पाठवल्या. फाटकावर तो होता, त्याचा झाडू होता आणि ट्रकला वाट करून देणारा प्लँटचा वॉचमन होता.

मग यंत्राच्या काळजीचा प्रश्न निघाला.

"एवढं महागाचं यंत्र," पेन्शनर दाढी करता करता वर बघत म्हणाले, "आणि असं उघड्यावर? या धुळीत? महिन्याभरात वाट लागेल हो."

खुर्चीत, बाकावर, दारात जेवढे होते तेवढ्या सगळ्यांना ते पटलं. ही मंडळी टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवणारी होती. नव्या सोफ्याचं वेष्टन काढायचं नसतं, ते आपोआप फाटेपर्यंत वाट बघायची असते, अशा घरांत ती वाढली होती. धूळ मोजायचं यंत्र धुळीपासून जपलं पाहिजे, यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही. एकमताने ठराव झाला. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं पांढरं कापड असतं, त्यातल्या एका नव्या कापडाची सेक्रेटरीने दुहेरी पिशवी शिवली. खाली नाडी ओवली, डबीवर चढवली, गाठ मारली. दर सोमवारी, सलूनच्या सुट्टीच्या दिवशी, तो यंत्र बंद करून ती पिशवी धुई आणि वाळली की परत चढवून यंत्र चालू करी. धुताना पाण्याचा चिखल होई. "बघा, किती धूळ आत जाणार होती," तो सगळ्यांना दाखवी.

धुण्यागणिक पिशवी आटून घट्ट होत गेली. आठवड्याभरात आकडा दोनशेच्या खाली आला. पंधरा दिवसांत शंभर. महिन्याने हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

ग्रुपवर जल्लोष झाला. जिंकलो, जिंकलो. जे कधी फाटकावर फिरकले नव्हते त्यांनी तर लढ्याच्या आठवणी लिहायला घेतल्या. ग्राफभाऊने मोठा आलेख केला. त्यावर रेघ उंचावरून खाली घसरत होती, डोंगरावरून घरंगळलेल्या दगडासारखी, आणि खाली लिहिलं होतं, 'नागरिकांच्या डेटाने हवा कशी स्वच्छ केली.' त्या आलेखाला कुठल्याशा परिषदेत पहिलं बक्षीस मिळालं. ग्राफभाऊ बक्षीस घेताना सेक्रेटरीबद्दल दोन वाक्यं बोलला. तो व्हिडिओ सेक्रेटरी गिऱ्हाइकांना दाखवी, साबण लावून झाल्यावर, म्हणजे त्यांना उठून जाता येऊ नये.

आरशांवर धूळ बसतच होती. त्याचं स्पष्टीकरणही तयार होतं.

"ही जुनी धूळ," सेक्रेटरी सांगे. "इतक्या वर्षांची साठलेली. ती जायला वेळ लागणारच."

"आणि माझा खोकला?" पेन्शनरांनी विचारलं.

"तोही जुनाच की तुमचा."

पेन्शनरांना ते पटलं. आकड्यापुढे आपल्या घशाचं काय म्हणणं आहे, याला त्यांनीही फारशी किंमत दिली नाही.

एके दिवशी तर प्लँटचे मॅनेजरसाहेब स्वतः दाढीला आले. खुर्च्यांच्या दिवसांत ते या बाजूला फिरकत नसत. "अभिनंदन, सेक्रेटरी," ते म्हणाले. "आम्ही सुधारलो असं तुमचंच यंत्र सांगतंय." दाढी झाल्यावर ते पायरीवर थांबले, पाटीकडे वर पाहिलं, पांढऱ्या पिशवीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "काळजी चांगली घेताय," असं म्हणून त्यांनी वर बक्षिसी ठेवली आणि गेले. पुढच्याच महिन्यात प्लँटने दुसरा मिक्सिंग टॉवर उभारायला परवानगी मागितली. जागा रस्त्याच्या अलीकडची, प्लँटने घेतलेला मोकळा प्लॉट, सलूनमागच्या दोन खोल्यांच्या भिंतीला लागून. सुनावणी गुरुवारी ठेवली होती.

तर बारावा ट्रक आत गेला तो सोमवार होता. पिशवी धुवायची अजून बाकी होती. पायरी झाडून होतेय तोच बायकोचा फोन आला.

"काय हो, अडतीस?"

"अडतीस," सेक्रेटरी म्हणाला, जणू त्याने स्वतः जन्माला घातला होता.

"आणि हा महिनाभर आहे? मध्येच वर नाही गेला?"

"एकदासुद्धा नाही. सगळं जग बघतंय, मी काय मनाने सांगतोय?"

"तुम्ही मनाने सांगितलं असतंत तर मी विश्वास ठेवलाच नसता. यंत्र सांगतंय म्हणून विचारतेय." ती थांबली. "मग मी येते. इथे भावजयीच्या स्वयंपाकघरात मला स्वतःच्या चहालासुद्धा विचारावं लागतं. उद्या निघते. घर आवरलंय का?"

"आवरलंय."

"म्हणजे नाही. असू दे, मी बघते. आणि गुरुवारी त्या टॉवरवाल्यांकडेही बघते."

फोन ठेवून सेक्रेटरीने स्वतःची दाढी केली. आरशात स्वतःकडे बघून केसांना रंगाचा हातही मारला.

मंगळवारी दुपारी ती आली. मेहुणा तिला बसमध्ये बसवून देणार होता, पण तिने त्याला स्टँडच्या बाहेरूनच परत पाठवलं होतं. बॅग दारात ठेवून तिने आधी मांडणीवरून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. मग खिडकीच्या कठड्यावरून फिरवलं.

"हे काय?"

"ती जुनी धूळ आहे."

"जुनी? मग इतकी मऊ का लागतेय? सिमेंट आहे हे, हाताला चिकटतंय." तिला ढास लागली. ती ओसरेपर्यंत भिंतीला हात लावून उभी राहिली, मग बाहेर पडली आणि सलूनसमोर जाऊन वर बघायला लागली. मागोमाग सेक्रेटरी आला. दारातल्या बाकावरून पेन्शनर उठून उभे राहिले.

"या वहिनी! किती दिवसांनी."

"त्याला काय घातलंय ते?"

"कव्हर," सेक्रेटरी म्हणाला.

"कशाला?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला हसायचं होतं की ओरडायचं होतं ते कळेना. दोन्हीला लागणारा श्वास तिच्यापाशी नव्हता.

"आणि ते यंत्र मोजतं काय?"

सेक्रेटरी नाडीच्या गाठीकडे बघू लागला. पेन्शनरांनी बाकावर पडलेला पेपर उचलला आणि उलटा धरला.

"मी पाच तास बसमध्ये आदळत आले," ती म्हणाली, "तुमच्या पिशवीवर विश्वास ठेवून. चार हजार माणसं तुमच्या ग्रुपात. त्यातलं एकही वर बघत नाही? आणि तो तुमचा बक्षीसवाला?"

"तो ऑफिसातून बघतो," पेन्शनर पेपरमागून म्हणाले. "त्याला तिथून सगळं दिसतं."

तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि नाडी सोडली. पिशवी झटकली तसा खाली उभ्या असलेल्या नवऱ्याच्या रंगवलेल्या केसांवर करडा थर बसला. मग तिघंही फोनकडे बघत उभी राहिली. चाळीस. पंचाण्णव. एकशे साठ. दोनशे सत्तर. आकडा लाल होईपर्यंत ती पायरीवर बसली होती आणि पर्समधून पंप काढून तोंडाला लावत होती.

फोन वाजला. ग्राफभाऊचा होता. त्याला खरोखरच तिथून दिसलं होतं.

"काका, डिव्हाइस बिघडलंय का? एकदम उसळी आलीय. मी तूर्त आकडा लपवतोय, लोक घाबरतील."

सेक्रेटरीने पिशवीचं सांगितलं.

"पिशवी कधीपासून आहे?"

"आकडा हिरवा झाला ना, त्याच्या महिनाभर आधीपासून."

"काका." ग्राफभाऊचा आवाज अगदी समजूतदार झाला. "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"गल्लीत सगळ्यांनाच. त्यांच्या समोरच शिवली की."

"नाही, म्हणजे बाहेर. हे बघा, गुरुवारपर्यंत पिशवी परत घाला. मी सुनावणीत मुद्दा असा मांडतोय, की नागरिकांच्या दबावाने हवा सुधारली, आता दुसरा टॉवर आला तर पुन्हा बिघडेल. सातत्याने हिरवा डेटा हीच आपली ताकद आहे. मधेच लाल दिसलं तर आपली विश्वासार्हता जाईल."

बायकोने फोन ओढून घेतला. "भाऊ, हवा वाईट आहे हे सांगायला तुम्ही यंत्र आणलंत ना?"

"कोण बोलतंय?"

"हवा बोलतेय. वाईट हवा." ती खोकली. "ऐकू आलं? हे घ्या तुमच्या आलेखात."

ग्राफभाऊने तिला, तिची भावना आपण समजू शकतो, असं सांगितलं. तिने फोन नवऱ्याच्या हातात कोंबला.

"मेहुण्याला बोलावतो," तो म्हणाला. "तू आजच परत जा."

"गुरुवारपर्यंत नाही जाणार. भिंतीला लागून टॉवर उभा राहिला तर मला परत यायला घरच उरणार नाही. कळतंय का तुम्हाला? मी कायमची भावजयीच्या दारात." ती उठली. "काय खरं आहे ते तुम्ही तिथे सांगणार. सगळ्यांसमोर. सेक्रेटरी ना तुम्ही?"

तो हो म्हणाला. ती घरात गेल्यावर तो बराच वेळ पिशवी हातात घेऊन उभा राहिला. चार हजार माणसं, बक्षिसाचा व्हिडिओ, त्यातली ती दोन वाक्यं. पेन्शनर त्याच्याकडे बघत होते आणि बघत नसल्याचं दाखवत होते. दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मनाशी म्हणत त्याने पिशवी परत चढवली आणि गाठ मारली. आकडा खाली येऊ लागला. ग्राफभाऊने अंगठा पाठवला.

बुधवारी ती खिडक्या बंद करून, फटींना ओले टॉवेल लावून पडून राहिली. संध्याकाळी शेजारणीने सेक्रेटरीला हटकलं, "वहिनींचे ओठ बघितलेत का? निळे दिसतायत." ग्रुपवर कोणीतरी त्याच सुमारास लिहिलं होतं, 'आज एकतीस! नवा विक्रम!'

गुरुवारी ती सुनावणीला येणार होती. चपला घालून दारापर्यंत आली आणि तिथेच बसली. "तुम्ही जा," ती म्हणाली. शब्द एकेक करून येत होते. "मी... मागून... येते." सेक्रेटरीने पेन्शनरांना तिच्यापाशी बसवलं. बाहेर पडल्यावर त्याने स्टूल आणलं, पिशवी सोडली आणि खिशात घातली.

सुनावणीच्या हॉलमध्ये खुर्च्या भरपूर होत्या. बसलेली माणसं म्हणजे अधिकारी, त्यांचा कारकून, मॅनेजर आणि त्यांचा वकील, ग्राफभाऊ, सेक्रेटरी आणि पाण्याच्या नळाच्या तक्रारीसाठी आलेला एक माणूस. त्याची सुनावणी दुसऱ्या मजल्यावर होती, पण इथला पंखा बरा होता. ग्राफभाऊने टेबलावर फोन उभा करून थेट प्रक्षेपण लावलं होतं. "नऊशे जण जॉइन झालेत," तो कुजबुजला. पडद्यावर लाल बदाम तरंगत वर जात होते.

वकिलाने आलेख काढला. तो ग्राफभाऊचाच होता, फक्त मोठा छापलेला आणि चांगल्या कागदावर. चळवळीचं स्वतःचं यंत्र, चळवळीच्या स्वतःच्या दारात, स्वतः सांगतंय की प्लँट शेजारी असूनही हवा उत्तम आहे. मग दुसऱ्या टॉवरला हरकत कसली? अधिकाऱ्यांनी आलेख न्याहाळला आणि चळवळीचं अभिनंदन केलं. असे जागरूक नागरिक दुर्मिळ झालेत, ते म्हणाले. ग्राफभाऊ लाजला. अभिनंदन झाल्यावर आपला मुद्दा कुठून सुरू करायचा, हे त्याला आठवेना.

सेक्रेटरी उठला. खिशातून पिशवी काढून त्याने टेबलावर ठेवली. नाडी लोंबत होती.

"साहेब, हे यंत्रावर होतं."

"काय आहे हे?"

"कव्हर. आम्हीच घातलं होतं. यंत्राला धूळ लागू नये म्हणून."

कारकुनाच्या घशातून एक आवाज निघाला, तो त्याने खोकल्यात लपवला. नळवाला मात्र मोकळेपणी हसला.

"म्हणजे हिरवे आकडे?"

"ते पिशवीतले."

"आणि आधीचे लाल?"

"ते उघड्यावरचे. ते खरे."

वकील न हसता उभा राहिला. हसण्याचे त्याला पैसे नव्हते. "साहेब, अर्जदारांच्या विरोधकांनी यंत्र स्वतः हाताळलं, झाकलं, उघडलं, त्याची कबुलीही दिली. मग लाल आकडे घेताना त्यांनी त्यात काय केलं नसेल कशावरून? हा सगळाच डेटा बाद धरावा."

"मी न्हावी आहे," सेक्रेटरी म्हणाला, "आम्हाला कापड तेवढं घालता येतं. आत काही करता येत नाही."

अधिकाऱ्यांनी कपाळ चोळलं. डेटा दोन्ही बाजूंचा बाद. आता फक्त प्रत्यक्ष राहणाऱ्यांचं म्हणणं ऐकता येईल, ते म्हणाले. ज्यांना त्रास होतो त्यांनी एकेक करून पुढे यावं, नाव सांगावं, म्हणणं मांडावं. किती जण आहेत?

सेक्रेटरीने मागे वळून पाहिलं. रिकाम्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या होत्या.

"अकराशे!" ग्राफभाऊने फोन उचलून दाखवला. "साहेब, अकराशे जण आहेत. सगळे सपोर्ट करतायत, बघा." पडद्यावर बदाम आणि मुठी भराभर वर चढत होत्या.

"इथे किती आहेत?"

"इथे... मी तिथला रहिवासी नाही."

"मीही नाही," नळवाल्याने आपणहून सांगितलं.

"फोनवरची हजेरी नियमात बसत नाही," अधिकारी म्हणाले. त्यांनी सेक्रेटरीचं म्हणणं लिहून घेतलं. ते लिहून होत असताना त्याचा फोन थरथरला. पेन्शनरांचा होता. वहिनींना अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घातलंय, ते ओरडत होते, जनरल हॉस्पिटल, तुम्ही परस्पर तिकडेच या. थेट प्रक्षेपण चालूच होतं, त्यामुळे अकराशे जणांना सेक्रेटरी घाईने दाराकडे जाताना दिसला. कोणीतरी लिहिलं, 'वॉकआउट! शाब्बास!'

ही हकिगत लिहीपर्यंत सहा दिवस गेले आहेत. अधिकाऱ्यांनी निकाल राखून ठेवला आहे. ग्राफभाऊने अ‍ॅपवर 'देखभालीसाठी बंद' असं लावलं असून पिशवीच्या प्रकरणातून शिकण्यासारखं बरंच काही असल्याने त्यावर तो एक सादरीकरण तयार करत आहे. आजारी वहिनींसाठी ग्रुपवर फुलांची चित्रं पाठवणाऱ्यांची संख्या सातशेवर गेली. वॉर्डात भेटायला आले ते पेन्शनर आणि शेजारीण.

सोमवारपासून तिचा ऑक्सिजन काढला आहे. पेन्शनरांनी फाटकावर पुन्हा बसायचं ठरवलंय, असं त्यांनी तिला सांगितलं. किती जण, तिने विचारलं. सध्या चार, ते म्हणाले, पण त्यांतले दोघं खरंच येतात. सेक्रेटरी दिवसभर तिच्या उशाशी असतो आणि रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर झोपतो. सलून बंद आहे.

बुधवारी सकाळी फेरीला आलेल्या डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट बघितले, छाती तपासली आणि दुपारी घरी सोडता येईल असं सांगितलं. "फक्त कुठल्या घरी ते सांगा," ते म्हणाले. "या गल्लीतल्या घरी असेल तर मी सही करणार नाही, आणखी ठेवीन. भावाकडे असेल तर आज सोडतो. पण तिकडे गेलात तर परत यायचं नाव काढायचं नाही."

"निकाल कधी आहे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"माहीत नाही गं."

मेहुणा गाडी घेऊन आलाय, खाली उभा आहे. दुपारचे अडीच वाजलेत. तिने बॅग भरली आहे आणि पलंगावर पाय सोडून बसली आहे. डॉक्टर दोनदा विचारून गेले; तिने अजून उत्तर दिलेलं नाही.